ऑल द ब्राइट प्लेसेस : फिंच कठड्यावर होता हे सगळ्यांनाच माहीत होतं (स्पॉयलर आहेत)

सोनचाफा

आधीच सांगते, शेवटासकट सगळं बोलणार आहे. ज्यांना पुस्तक वाचायचंय त्यांनी इथूनच मागे फिरा.

जेनिफर निवेनचं हे पुस्तक २०१५ चं, तरुण वाचकांसाठी तिनं लिहिलेलं पहिलंच. दहा वर्षं झाली तरी अकरावी-बारावीच्या मुलींच्या बॅगेत अजून सापडतं, आणि त्याच्याबद्दल जे काही ऑनलाइन वाचायला मिळतं ते सगळं ‘किती रडले’, ‘फिंचसारखा बॉयफ्रेंड पाहिजे’ या छापाचं. मी काल रात्री संपवलं आणि रडले वगैरे नाही, चिडले. म्हणून धागा.

ज्यांनी वाचलं नाही आणि तरी थांबलेत त्यांच्यासाठी थोडक्यात. इंडियाना राज्यातलं बार्टलेट नावाचं काल्पनिक गाव, शाळेचं शेवटचं वर्ष. व्हायलेट मार्कीची मोठी बहीण एलेनॉर नऊ महिन्यांपूर्वी गाडीच्या अपघातात गेलीय, व्हायलेट त्याच गाडीत होती, आणि त्या पुलावरून जाऊया हे तिनंच सुचवलेलं. तेव्हापासून ती गाडीत बसत नाही, लिहिणं बंद केलंय, बहिणीचा चष्मा लावून फिरते. दुसरा थिओडोर फिंच, शाळेनं कधीच ‘येडा’ म्हणून निकालात काढलेला. दोघं भेटतात शाळेच्या घंटाघराच्या कठड्यावर. का ते सांगायला नको. तो तिला बोलण्यात गुंतवून आत आणतो, पण खाली जमलेल्या पोरांना वाटतं व्हायलेटनंच फिंचला वाचवलं! ती हुशार, लोकप्रिय, हा येडा, मग दुसरं काय असणार. आणि तिचं नाव खराब होऊ नये म्हणून तोही ती अफवा तशीच राहू देतो.

आता माझा मुद्दा. अफवा अर्धी खोटी होती, पण फिंच कठड्यावर होता हे तर खरं होतं ना? ते अख्ख्या शाळेला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग कोणी काय केलं? टवाळी केली. व्हायलेटला ‘हिरोईन’ म्हणून टाळ्या मिळाल्या आणि ज्याच्याबद्दल काळजी वाटायला हवी होती त्याला आणखी एक टोपणनाव. पुढची तीनशे-साडेतीनशे पानं लोक ‘प्रेमानं काय होऊ शकतं’ म्हणून वाचतात, मला ती ‘बाकी कोणीच काही केलं नाही तर एकट्या प्रेमानं काय होत नाही’ अशी वाचायला मिळाली. व्हायलेटकडे विचारपूस करणारे आईबाप आहेत, तिच्या दुःखाला एक तारीख आहे, कारण आहे, लोकांना ते समजतं. फिंचच्या दुःखाला कारण दिसत नाही म्हणून ते कोणी धरतच नाही.

बोला.

रातकिडा

सोनचाफाताई, मस्त लिहिलंय पण ‘फिंचसारखा बॉयफ्रेंड’ वाल्या पोरींवर एवढं चिडू नका, मी सोळाव्या वर्षी वाचलं तेव्हा मी पण त्याच गटात होते 😄

कारण काय ना, अर्धं पुस्तक फिंचच्या तोंडून आहे आणि तो बोलतो इतका भारी की तुम्ही वाहवत जाता. गिटार, व्हर्जिनिया वुल्फची वाक्यं, भिंतीवर स्टिकी नोट्स, दर आठवड्याला नवीन अवतार, आज ऐंशीच्या दशकातला फिंच उद्या टपोरी फिंच, रात्र रात्र जागून खोलीच रंगवून टाकतो. हे सगळं पहिल्यांदा वाचताना ‘वॉव किती वेगळा मुलगा’ वाटतं. दुसऱ्यांदा वाचलं (कॉलेजात, बराच काळ गेल्यावर) तेव्हा पोटात खड्डा पडला कारण हे वेगळेपण नाहीये, ही झोप न येण्याची लक्षणं आहेत, आणि लेखिकेनं हे पहिल्याच पानावर सांगितलंय. फिंचच्या पहिल्या प्रकरणाच्या डोक्यावरच लिहिलंय की मी परत जागा आहे, दिवस सहावा. व्हायलेटच्या प्रकरणावर ग्रॅज्युएशनला १५४ दिवस राहिले असं. दोघं दिवस मोजतायत पण ती पुढचे मोजतेय आणि तो जागेपणाचे मोजतोय. हे मला सोळाव्या वर्षी दिसलंच नव्हतं, आणि खरं तर व्हायलेटला पण दिसत नाही, म्हणजे वाचणारी मुलगी जशी फसते तशीच व्हायलेट फसते. मला तर ते लेखिकेचं कौशल्य वाटतं.

खडूस काका

धागा वाचला. पुस्तक वाचलेले नाही, वाचणारही नाही. माझा साधा प्रश्न, असली पुस्तके पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या हातात द्यायचीच कशाला? प्रेम, नैराश्य आणि शेवटी मरण. जर्मन लेखक गटेने १७७४ साली प्रेमभंगातून जीव देणाऱ्या वेर्थरची कादंबरी लिहिली तेव्हा युरोपातली तरुण पोरे त्याच्यासारखे कपडे घालून फिरू लागली होती आणि काही ठिकाणी तिच्यावर बंदी घालावी लागली होती. अडीचशे वर्षांनी तेच. आनंदी पुस्तके संपली आहेत का?

रातकिडा

काका, न वाचता मत. क्लासिक 😄

खडूस काका

विहिरीत उडी न मारताही पाणी खोल आहे हे कळते.

पानगळ

काकांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाहीये हं. मी मानसोपचार विभागात काम करते म्हणून जरा लांब लिहिते, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

वेर्थरचं नाव घेतलंत त्यावरूनच ‘वेर्थर परिणाम’ हा शब्द आला, डेव्हिड फिलिप्स या समाजशास्त्रज्ञानं १९७४ मध्ये वापरला. बातम्यांमध्ये आत्महत्येचं भडक, तपशीलवार वर्णन आलं की त्यानंतर प्रमाण वाढतं असं त्याला आकड्यांत दिसलं होतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनं माध्यमांसाठी नियम केलेत, पद्धत सांगू नका, जागा सांगू नका, मथळ्यात टाकू नका, त्याला सुटका म्हणून रंगवू नका. नेटफ्लिक्सनं एका गाजलेल्या मालिकेतला तसला सीन २०१९ मध्ये, दोन वर्षं वाद झाल्यावर, कापून टाकला तो यामुळेच.

पण नाण्याची दुसरी बाजू पण अभ्यासलेली आहे. २०१० मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांनी दाखवलं की जिथं माणूस त्या टोकाला जाऊन परत येतो, कोणाशी बोलतो, मार्ग सापडतो, अशा गोष्टी छापून आल्या तर उलट संरक्षण मिळतं. त्याला त्यांनी मोझार्टच्या ऑपेरातल्या पापागेनो या पात्राचं नाव दिलं, कारण त्यात तिघं लहान मुलं येऊन त्याला ऐनवेळी दुसरा रस्ता दाखवतात.

गंमत म्हणजे या एकाच पुस्तकात दोन्ही आहे. व्हायलेट परत येते, फिंच येत नाही. आणि फिंचचा शेवट लेखिका आपल्याला दाखवत नाही, आपण व्हायलेटबरोबर उशिरा पोचतो. ते मला जबाबदारीचं वाटलं. जे नाही आवडलं ते म्हणजे फिंच तिच्यासाठी मागे चिठ्ठ्यांची, जागांची एक वाट आखून जातो आणि ती वाट फार सुंदर आहे. खऱ्या आयुष्यात मागे असं कोडं राहत नाही जे सोडवलं की शांत वाटेल. मागे राहतो पोलीस पंचनामा आणि घरच्यांचं आयुष्यभराचं ‘त्या दिवशी मी फोन का नाही उचलला’. हे मात्र मी सोळा वर्षाच्या मुलीला आधी सांगेन आणि मग पुस्तक देईन.

आता सोनचाफाच्या मुद्द्यावर. व्हायलेटला जे आहे तो शोक आहे, त्यात अपराधीपणा मिसळलाय, तो फार खोल गेलाय. पण शोकाला सोबत, वेळ, पुन्हा एकेक गोष्ट सुरू करणं यानं फरक पडतो, आणि फिंच तिच्यासोबत नेमकं तेच करतो, आधी सायकल, मग गाडी, मग लिहिणं. फिंचचं तसं नाही. पुस्तकात शाळेचा समुपदेशक एकदा बायपोलर हा शब्द उच्चारतो. ते मेंदूच्या आजाराचं नाव आहे, बहुतेक वेळा विशीच्या आसपास डोकं वर काढतो, काही आठवडे माणूस झोपेशिवाय धावत असतो आणि मग एकदम खाली, अंथरुणातून उठवत नाही. यातली चढती बाजू कोणाला आजार वाटत नाही, मित्रांना मजा येते, घरचे म्हणतात बरा झाला. गोळ्या आहेत, लिथियम तर १९४९ पासून माहीत आहे, रक्ताच्या तपासण्या करत वर्षानुवर्षं घेणारे आणि नोकरी-संसार नीट करणारे कितीतरी लोक रोज ओपीडीत येतात. त्यांच्यावर कोणी कादंबरी लिहीत नाही कारण त्यांचं ठीक चाललंय.

सोनचाफा

पानगळ, शेवटचं वाक्य 👏 यावर एक वेगळा धागा काढा.

आणि ‘चढती बाजू कोणाला आजार वाटत नाही’ हे तर नेमकं. पुस्तकातली सगळी रोमँटिक पानं आठवा, ती सगळी त्याच दिवसांतली आहेत.

हूजरकर

या धाग्यावर मला बोलावंच लागणार 😀 मी मूळचा कोथरूडचा, कमिन्स या इंजिनांच्या कंपनीमुळे कोलंबस, इंडियानाला येऊन पडलो (इथं आमचं बऱ्यापैकी मराठी मंडळ आहे, गणपती जोरात असतो). बायकोनं हे पुस्तक आणलं ते फक्त इंडियाना आहे म्हणून, कारण इंडियानावर कोण पुस्तक लिहितं हो, मका, सोयाबीन, परत मका.

ज्यांनी वाचलं नाही त्यांना सांगतो, भूगोलाच्या सरांनी प्रोजेक्ट दिलेला असतो की आपल्या राज्यातल्या बघण्यासारख्या जागा हिंडून या, आणि फिंच सगळ्या वर्गासमोर व्हायलेटला पार्टनर म्हणून मागतो. त्या बऱ्याच जागा खऱ्या आहेत. हूजर हिल हा राज्यातला सगळ्यात उंच बिंदू, १,२५७ फूट. आता १,२५७ ऐकून सिंहगड वगैरे डोळ्यासमोर आणू नका, सभोवार शेतं, थोडी झाडी आणि एक पाटी, चढण अशी नाहीच, गाडीतून उतरलात की शिखरावर. आम्ही गेलो तेव्हा पोरगा म्हणाला, बाबा डोंगर कुठाय. पुस्तकात पण ते दोघं तिथं पोचतात आणि तेवढंच असतं, आणि त्या ‘एवढंच?’ मधून त्यांचं बोलणं सुरू होतं ते मला फार आवडलं. ब्रूसव्हिलला एका माणसानं घराच्या मागच्या अंगणात स्वतः बांधलेला रोलर कोस्टर, ब्लू फ्लॅश, तोही खरा. अलेक्झांड्रियाचा रंगाचा गोळा पण आहे, एका बेसबॉलवर १९७७ पासून रंगाचे थरावर थर देत देत केवढा तरी केलाय, पाहुण्यांना पण एक थर द्यायला मिळतो.

हे सगळं सांगायचं कारण, लेखिका स्वतः इंडियानात, रिचमंडला वाढलेली आहे, आणि हूजर हिलपासून ते गाव जवळच. ज्या राज्यात ‘बघण्यासारखं काही नाही’ असं तिथलीच माणसं म्हणतात तिथं तिनं या दोघांना हिंडवलंय. गाडीत न बसणारी मुलगी शेवटी एकटी गाडी चालवत त्या उरलेल्या जागा बघायला जाते. फार्मर्सबर्गजवळ एक छोटं चॅपल आहे, रस्ते अपघातात माणूस गमावलेल्यांसाठीचं. फिंचनं तिच्या वाटेवर ते ठेवलेलं असतं, म्हणजे स्वतःसाठी नाही, तिच्या बहिणीसाठी. तिथं मी पुस्तक खाली ठेवून बाहेर जाऊन लॉन कापलं.

रातकिडा

‘बाहेर जाऊन लॉन कापलं’ 😭 बाबा लोकांचं रडणं.

तेरेखोल

मी पुस्तक अर्धंच वाचलंय, तरी एक सांगू का, वाचताना सारखा ‘कासव’ आठवत होता. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा, २०१६ चा, सुवर्णकमळवाला. आमच्या इथल्या किनाऱ्यावरचा असल्यामुळे जरा जास्तच जवळचा. त्यात पण खोल गेलेला एक तरुण मुलगा आहे, आलोक राजवाडेनं काय केलंय ते काम. पण त्यात प्रेमकथाच नाही! त्याला घरी घेऊन येणारी बाई स्वतः त्यातून गेलेली असते, ती त्याला प्रश्न विचारत नाही, हसवायला जात नाही, जेवण समोर ठेवते आणि दार उघडं ठेवते. घरातली बाकीची माणसं पण तशीच. म्हणजे एकट्या माणसावर सगळा भार नाही. आणि ती बाई डॉक्टरकडे जाते, औषध घेते, हे पण त्यात सहज येतं.

इथं सतरा वर्षांच्या मुलीवर सगळं टाकलंय, जिची स्वतःची बहीण आत्ताच गेलीय.

सोनचाफा

हेच हेच हेच. तेरेखोल, उरलेलं अर्धं वाचा, तिथं व्हायलेट बघते की फिंच आता खोली सोडून कपड्यांच्या कपाटात राहायला लागलाय. वॉर्डरोब म्हणजे आपल्या गोदरेजचं नाही, छोट्या खोलीएवढं असतं ते. आणि त्याच घरात त्याची आई आहे, दोन बहिणी आहेत. आई नवऱ्यानं सोडल्यापासून स्वतःच खचलेली, वाईन घेऊन बसलेली, तिला कळतच नाही. बाप मारणारा, दुसरा संसार थाटलेला, दर रविवारी मुलांना जेवायला बोलावतो आणि सगळे काहीच झालं नाही असं जेवतात. ते जेवणाचे प्रसंग मला प्रेमाच्या प्रसंगांपेक्षा जास्त लक्षात राहिलेत.

पाऊलवाट

इथं सहसा लिहीत नाही, वाचतेच फक्त. नाव-गाव काही सांगणार नाही.

आमच्या घरात फिंच आहे. भाऊ. आता चाळिशीला आलाय आणि ठीक आहे, हे आधी सांगते म्हणजे तुम्ही घाबरत वाचणार नाही. पण कॉलेजात असताना त्याचं सगळं असंच होतं, एका पावसाळ्यात घरातली सगळी जुनी रेडिओ-टेपरेकॉर्डर खोलून बसला होता, झोपायचाच नाही, मोहल्ल्यातल्या पोरांचे क्लास घ्यायला लागला फुकट, आई सगळ्यांना कौतुकानं सांगायची. मग दिवाळीनंतर पडूनच. मग आईनं सांगायला सुरुवात केली की त्याला कावीळ झालीय. कावीळ! नातेवाईक उसाचा रस घेऊन यायचे भेटायला. आणि तो बिचारा प्यायचा.

पुस्तकातला जो प्रसंग मला झोपू देईना तो शेवटचा नाही, त्यानंतरचा, अंत्यविधीचा. सगळे त्याला अपघात म्हणतात, चर्चमधला माणूसही आत्महत्या या शब्दाला हात लावत नाही. का, तर चिठ्ठी नाही म्हणजे अपघात, आणि अपघात म्हटलं की लोकांना उघड रडता येतं. व्हायलेटला राग येतो की कोणी खरं बोलतच नाही, आणि ज्यांनी त्याला छळलं तीच पोरं पुढच्या रांगेत डोळे पुसतायत. मी ते वाचताना आमच्या हॉलमध्ये मांडलेले उसाच्या रसाचे ग्लास बघत होते. अमेरिका असो नाहीतर विदर्भ, कावीळ सगळ्यांना सोयीची.

माझ्या भावाला शेवटी एका दूरच्या मामानं गाडीत घालून दवाखान्यात नेलं, विचारलं नाही कोणाला. मामा आमच्याकडे फार हुशार समजले जात नाहीत.

पानगळ

पाऊलवाट, लिहिलंत ते फार बरं केलंत. आणि मामांना माझा नमस्कार सांगा.

हूजरकर

+१ मामांना.

घाटावरचा

मी ज्युनिअर कॉलेजात शिकवतो, आमच्या लायब्ररीत हे पुस्तक आहे आणि कायम बाहेरच असतं, रजिस्टरमध्ये नावंच नावं. मला या धाग्यावरून त्या समुपदेशकाबद्दल बोलायचंय कारण सगळे त्याला झोडणार असं दिसतंय.

एम्ब्री. पोरं त्याला एम्ब्रियो म्हणतात. पण तो माणूस एकटाच आहे जो फिंचला दर आठवड्याला समोर बसवतो, कठड्यावर परत गेलास का असं थेट विचारतो, आणि बायपोलर हा शब्दही काढतो. बाकी अख्ख्या पुस्तकात असा दुसरा मोठा माणूस दाखवा. त्याची चूक एवढीच की शब्द काढल्यावर फिंच उठून जातो आणि हा त्याच्या मागे घरापर्यंत जात नाही. पण किती मुलांच्या मागे जाणार? आमच्याकडे तर त्या पदावर माणूसच नाही, ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी आहे आणि आत स्पोर्ट्सचं सामान. मुलं येऊन बोलतात ती मराठीच्या मॅडमकडे नाहीतर लॅब असिस्टंटकडे.

आणि फिंच का उठून जातो तेही बघा. त्याला शिक्का नको असतो. आत्तापर्यंत ‘येडा’ होताच, आता त्यावर डॉक्टरी शिक्का. तो एका आधारगटात पण जातो, दुसऱ्या गावात, खोट्या नावानं, आणि तिथं त्याला शाळेतली एक भारी ग्रुपमधली मुलगी दिसते, अमांडा, व्हायलेटची मैत्रीण. दोघंही एकमेकांचं गुपित ठेवतात आणि सोमवारी शाळेत एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. हा प्रसंग दोन-तीन पानांचाच आहे पण वर्गात वाचून दाखवावा असा. माझ्या वर्गात अशी किती जण असतील जे एकमेकांना बाहेर कुठंतरी भेटलेत आणि वर्गात बोलत नाहीत.

रातकिडा

सर तो प्रसंग मी विसरलेच होते. सिनेमात आहे वाटतं थोडासा.

सिनेमावरून आठवलं, २०२० च्या फेब्रुवारीत नेटफ्लिक्सवर आला, एल फॅनिंग आणि जस्टिस स्मिथ, पटकथेत लेखिका स्वतः आहे. बघायला चांगला आहे, पण सोनचाफाताईंचा जो मूळ मुद्दा आहे ना तोच त्यात गायब आहे. सिनेमात घंटाघर नाही, व्हायलेट पुलाच्या कठड्यावर असते आणि फिंच पळत पळत तिथून जाताना तिला बघतो, बस. गर्दी नाही, त्यामुळे अफवा नाही, त्यामुळे ‘सगळ्यांना माहीत होतं’ हेही नाही. मग तो फक्त एक गोड मुलगा उरतो जो एका दुःखी मुलीला बरं करतो आणि मग अचानक बिघडतो. माझ्या रूममेटनं फक्त सिनेमा बघितला होता आणि तिची प्रतिक्रिया होती ‘पण याला झालं काय एकदम?’. पुस्तक वाचून कोणी असं म्हणूच शकत नाही.

खडूस काका

सर्वांचे प्रतिसाद वाचले. पानगळ यांनी नीट समजावले, आभार. माझे मत पूर्ण बदलले असे नाही, परंतु एक शंका. समजा घरात असे मूल आहे आणि त्याने हे पुस्तक वाचायला घेतले. मोठ्यांनी काय करावे? काढून घ्यावे?

पानगळ

काका, काढून घेतलं तर ते मोबाईलवर वाचेल, फक्त तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही पण वाचा आणि फिंचबद्दल विचारा, स्वतःबद्दल विचारलं की मुलं गप्प होतात, पात्राबद्दल भरभरून बोलतात. आणि बोलता बोलता वाटलं की हे पात्राबद्दल नाही चाललंय, तर सरळ विचारा, ‘तुला जगणं नको वाटतं का कधी?’ विचारल्यानं डोक्यात ते येत नाही, ते असेल तर आधीच आलेलं असतं, विचारल्यानं फक्त दार उघडतं. हो म्हणाला तर भाषण नको, एकटं सोडू नका, डॉक्टर गाठा. रात्री-अपरात्री काही सुचलं नाही तर टेलिमानसचा १४४१६ आहे, २०२२ पासून सुरू आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. आणि कायद्याची भीती अजून लोकांच्या डोक्यात आहे म्हणून सांगते, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार नाही, तीव्र ताणाखाली असलेला माणूस धरलंय, त्याला उपचार द्यायची जबाबदारी सरकारची.

तेरेखोल

उरलेलं अर्धं संपवलं काल. लेखिकेचं शेवटचं मनोगत वाचलंत का सगळ्यांनी? तिच्या स्वतःच्या आयुष्यात असा एक मुलगा होता, त्यावरून हे लिहिलंय. मग ती सुंदर वाट का आखली ते जरा कळलं मला. पानगळ म्हणतात तसं खऱ्यात मागे कोडं राहत नाही, पण जिला काहीच मिळालं नाही तिला निदान कागदावर तरी चिठ्ठ्या सोडवाव्या वाटल्या असतील. अर्थात सोळा वर्षांच्या वाचणारीला हे कसं कळणार हा प्रश्न आहेच.

घाटावरचा

या टर्मला लायब्ररीच्या तासाला यावर अर्धा तास घ्यायचा विचार आहे. सोनचाफा, एक प्रश्न सुचवा ज्यावर पोरं बोलतील, ‘तुम्हाला काय आवडलं’ वर कोणी बोलत नाही.

सोनचाफा

सर, पहिली पन्नास पानं द्या आणि विचारा, एवढ्या पानांत फिंचचं काहीतरी बिघडलंय हे कोणाकोणाला कळलेलं आहे? नावं फळ्यावर लिहा. मी लिहून बघितलं, यादी लांबते. मग दुसऱ्या रकान्यात लिहा, त्यातल्या प्रत्येकानं काय केलं.

खडूस काका

एक राहिले. नातीला विचारले, हे पुस्तक वाचलेस का. म्हणाली, दोनदा. मला माहीतच नव्हते! तुझा आवडता कोण, तो फिंच का, असे विचारले तर म्हणाली, ‘नाही हो आजोबा, डेका.’ ही डेका कोण?

रातकिडा

काका!!! डेका म्हणजे फिंचची धाकटी बहीण, लहान आहे एकदम. पुस्तकं घेऊन बसते आणि त्यातले वाईट शब्द कात्रीनं कापून वेगळे काढते, चांगल्या शब्दांत मिसळायला नकोत म्हणून. फिंच तिच्या शेजारी जमिनीवर बसून तिला मदत करतो.

एवढ्या प्रतिसादांत आपण एकानंही तिचं नाव घेतलं नाही.

पाऊलवाट

तिच्याबद्दल मी पण विचार केला होता. घर तेच, आई तीच, रविवारचं जेवण तेच, भाऊ नाही. मी माझ्या भावापेक्षा सहा वर्षांनी लहान आहे. मला कधी कोणी विचारलं नाही, तुझं काय चाललंय.

खडूस काका

नातीला विचारले, डेकाच का. म्हणाली, ‘कारण तिचं पुढं काय झालं ते कोणी लिहिलंच नाही.’ उद्यापासून वाचायला घेतो आहे. इंग्रजी सोपे आहे ना?

रातकिडा

सोपं आहे काका. अडलं तर नातीला विचारा, आम्हाला नको.